अकरा फुलपात्री पाणी

मोजता येणार नाही अशी एकही वस्तू देवाने निर्माण केलेली नाही, आणि चुकून केली असेलच तर तिथे देवाचा हलगर्जीपणा झाला, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी माझ्या आयुष्यात पाहिला. तो माझा घरमालक, पेशाने डॉक्टर. लोणावळ्याला भांगरवाडीत त्यांचं कौलारू घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत मी भाडेकरू, मधल्या दोन खोल्यांत डॉक्टर आणि त्यांचा दवाखाना, आणि मागच्या पडवीत त्यांच्या शब्दांत 'रुग्णालय'. रुग्णालय म्हणजे दोन बाजा, एक माठ, माठावर पितळेचं फुलपात्र आणि खुंटीला टांगलेला कंदील. एकोणीसशे साठच्या सुमाराला मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायला म्हणून तिथे आले, तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि तोंडाने फटकळ होते. वय पुढे वाढलं, बाकीचं तसंच आहे.

खोली बघायला गेले त्या दिवशी या गृहस्थांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न का झालं नाही हे तर नाहीच विचारलं, जे तोवरच्या प्रत्येक घरमालकाने विचारलं होतं. त्यांनी माझ्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, घरापासून स्टेशनपर्यंत जाऊन परत याल का? जाताना पावलं मोजा. माझी अकराशे बेचाळीस होतात, पण एकाच माणसाच्या पायांवर किती विश्वास ठेवायचा?" मी मनात म्हटलं, झालं, वेड्याच्या घरात येऊन पडले. पण खोली हवेशीर होती, आणि खरं सांगायचं तर मीही गणिताची बाई. गेले. परत येऊन तेराशे सहा सांगितली तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथे मला खोलीची किल्ली देऊन टाकली.

उंची साडेपाच फूट, त्यांच्याच मोजणीनुसार साडेपाच फुटांना पाव इंच कमी. अंगात बारा महिने एकच करड्या रंगाचा कोट. हातात छत्री, आणि छत्रीच्या दांड्यावर चाकूने पाडलेल्या इंचांच्या खुणा. त्या छत्रीने ते वाटेतल्या डबक्याची खोली बघत, शेजाऱ्याच्या पपईची वाढ बघत, आणि एकदा तर वलवणला एका लग्नात पंगतीत दोन पानांमधलं अंतर मोजताना मी त्यांना माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या लग्नात किती माणसं जेवली ते त्यांना बरोबर सांगता आलं. त्यांत ते स्वतः नव्हते, हे घरी येऊन पोटात कावळे ओरडायला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मग रात्री माझ्याकडची आमटी-भाकरी खाल्ली, आणि भाकरीचा व्यास किती ते सांगितलं. मी म्हटलं, "डॉक्टर, उद्यापासून तुम्हाला भाकरीऐवजी कंपासपेटीच वाढते." त्यांनी यावर खरोखर विचार केला.

ही सगळी मोजणी ते वह्यांत लिहून ठेवत. आमच्या शाळेतल्या मुलींच्या उत्तरपत्रिकांची उरलेली कोरी पानं मी त्यांना आणून द्यायची आणि ते स्वतः दाभणाने ती शिवायचे. घाट चढून आलेल्या गाडीचं मागचं इंजिन सुटायला किती वेळ लागला, रोग्याला लागोपाठ किती शिंका आल्या, सगळं त्या वह्यांत. दूध तापवणं हा तर एक सोहळाच असायचा. पातेलं स्टोव्हवर, डॉक्टर समोर स्टुलावर, हातात घड्याळ. दूध वर यायचं, काठाशी यायचं, काठावरून धो धो स्टोव्हवर जायचं, आणि हे आपले घड्याळाकडे बघतायत. मी ओरडत धावत यायची, "अहो, उतरवा की!" तर म्हणायचे, "उतरवलं असतं तर किती वेळाने उतू जातं ते कळलं कसं असतं?" आठवड्यातून चार दिवस आम्ही दोघं बिनदुधाचा चहा प्यायचो. पाचव्या दिवशी दूध माझ्या स्टोव्हवर तापायचं.

गावात हसत होते लोक त्यांना, पण मावळातल्या खेड्यांमधून माणसं यायची ती त्यांच्याचकडे. कारण डॉक्टर विचारायचे. पोट दुखतं म्हणणाऱ्याला दुखतं कधी, किती वेळ, कुठल्या कुशीवर, काल काय खाल्लं, परवा काय खाल्लं, आणि सांगणारा थकला तरी हे थकत नसत. एका म्हाताऱ्याने मला ओसरीवर सांगितलं होतं, "बाई, हे डाक्टर लय इचारतंय. आमच्या घरात बी कुनी येवडं इचारत न्हाई."

हे मोजण्याचं खूळ कुठून आलं, ते मला दोन वर्षांनी कळलं, तेही एका दुपारी ते अगदी सहज बोलून गेले म्हणून. त्यांची एक थोरली बहीण होती, आक्का. हे दहा वर्षांचे असताना ती एक दिवस कोपऱ्यात जाऊन बसली आणि म्हणाली, मी मेले आहे. पोट नाही, आतडी नाहीत, रक्त नाही, मला जेवायला वाढू नका. घरच्यांनी देवऋषी केले, अंगारे लावले, दोन थोबाडीतही मारल्या. ती जेवली नाही. आणि मग खरोखरीच गेली. "नंतर डॉक्टरीच्या कॉलेजात मला विचारलं, ती किती दिवस उपाशी होती," ते म्हणाले. "मला सांगता आलं नाही, बाई. घरात सात माणसं होती. कुणी मोजलंच नव्हतं." एवढं बोलून ते छत्री घेऊन बाहेर गेले. त्या दिवसानंतर मी भाकरीच्या व्यासाची थट्टा केली नाही. म्हणजे कमी केली.

असा आजार हजारात काय, लाखातही एखाद्याला होत असेल. पण डॉक्टर त्याची वाट बघत होते. परदेशी मासिकं मागवत, त्यांत वाचून वाचून एका नव्या औषधाच्या नादी लागले होते. इमिप्रामिन त्याचं नाव. मनाच्या काळोखावर ते चालतं असा बोलबाला होता, पण या मी-मेले-आहे वर ते चालतं का, हे कुणी नीट सांगत नव्हतं. औषध कंपनीचा एक प्रतिनिधी त्यांच्या प्रश्नांना कंटाळून नमुन्याच्या गोळ्यांचे डबेच्या डबे ठेवून पळाला होता. त्या औषधाची घडण मला समजावून सांगायला त्यांनी एकदा माझ्या हातातल्या तीन बांगड्या काढायला लावल्या आणि टेबलावर एकीला एक चिकटवून मांडल्या. "अशी तीन कडी, बाई. एकमेकांना धरून. बस, एवढंच आहे ते." बांगड्या परत मागायला मला दोन दिवस लागले.

आणि मग एका चैत्रात औंढ्याहून कोंडिबा आपल्या बायकोला बैलगाडीतून घेऊन आला. हौसाबाई तिचं नाव. चाळिशीची, हाडापेराने मोठी, पण अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. गाडीत ती उताणी, हात छातीवर, डोळे मिटून.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"तिला काय बी होत न्हाई," कोंडिबा म्हणाला. "ती म्हंती मी मेले. दीड महिना झाला. म्हंती मला पोचवून या, घरात मढं किती दिस ठिवता. भाकर दिली तर म्हंती मेलेल्या मानसाला भाकर कशाला."

डॉक्टरांच्या हातातली छत्री खाली पडली. मी त्यांना छत्री टाकताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पण कोंडिबाची खरी गोष्ट पुढेच होती. घरातल्या शहाण्यांनी मिळून एक तोडगा काढला होता. म्हणाले, हिला दाखवून देऊ की ही जिती आहे. इंद्रायणीच्या काठी तिच्या नावाने पिंड ठेवायचा, तिला समोर बसवायची. जित्या माणसाच्या पिंडाला कावळा शिवणारच नाही, मग तिची खात्री पटेल. सगळे भाऊबंद जमले. पिंड ठेवला. "आनि डाक्टर," कोंडिबा कपाळावर हात मारून म्हणाला, "हात मागं घ्यायच्या आत कावळा! एक न्हाई, चार! सगळा भात घिऊन गेले. ही म्हनली, बगा, मी काय सांगत हुते." मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून मी आत पळाले, आणि आत जाऊन बघते तर डोळ्यांतून पाणी येत होतं.

हौसाबाईला पडवीतल्या बाजेवर ठेवलं. गोळ्यांची तिला धास्ती, म्हणून गोळी खलबत्त्यात कुटून, दुधाच्या साखरेत मिसळून पुड्या बांधायच्या. त्या कुटायचं काम माझ्याकडे आलं. हौसाबाई पुडी घ्यायची, कारण तिच्या मते मेलेल्याला औषधाने आणखी काय होणार होतं! चार दिवसांनी तिचं तोंड कोरडं पडायला लागलं. त्या औषधाचा तो गुणच आहे, डॉक्टर म्हणाले, घशाला शोष पडतो. ती पाणी मागायला लागली आणि डॉक्टरांना वाटलं, सापडली! बाजेशेजारी स्टूल ओढून बसले.

"हौसाबाई, मेलेल्या माणसाला तहान लागते का?"

तिने आढ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "लागती की. म्हून तर पानी सोडत्यात."

डॉक्टरांनी पेन्सिल उचलली. वहीत त्यांनी काय लिहिलं ते मी खांद्यावरून वाकून वाचलं. 'पाणी, नऊ फुलपात्री. रोग्याचा युक्तिवाद बिनतोड.'

तेव्हापासून रोज फुलपात्रांची नोंद सुरू झाली. मी लक्ष दिलं नाही. ते काय, चिमण्याही मोजायचे. तिसरा आठवडा गेला, चौथा लागला. पेजेचे चार घोट, मग अर्धी वाटी, पण तोंडी एकच, मी मेले. आणि एका सकाळी डॉक्टर नेहमीप्रमाणे दुधासमोर घड्याळ घेऊन बसलेले. मी वेणी घालत होते. पडवीतून दणदण पावलं वाजली आणि पाठोपाठ आवाज आला, "आरं देवा, ह्या मानसाला डोळं हायती का न्हाई! दूध उतू चाललंय!" हौसाबाईने पदराच्या टोकाने पातेलं उचलून खाली ठेवलं, स्टोव्ह बंद केला, डॉक्टरांकडे असं बघितलं की मला माझी शाळेतली मुख्याध्यापिका आठवली, आणि मग स्वतःच्या हातांकडे बघत तिथेच मट्कन बसली. "डाक्टर," हळूच म्हणाली, "भाजलं की मला." डॉक्टर घड्याळ हातात धरून ढसाढसा रडले. वेळ लिहायची राहिली. त्यांच्या आयुष्यातली ती एकच राहिलेली नोंद.

त्या दिवशी आम्ही दुधाचा चहा केला. हौसाबाई दोन कप प्यायली. आठ दिवसांनी पुड्यांची पिशवी घेऊन औंढ्याला गेली, लावणीला उभी राहिली, नणंदेशी भांडली, सगळं जिथल्या तिथे.

पावसाळ्यात डॉक्टर हौसाबाईच्या आजारावर लिहिलेला निबंध घेऊन पुण्याला डॉक्टरांच्या एका सभेत वाचायला गेले. कोट मी इस्त्री करून दिला होता. परत आले ते ओसरीवरच बसले. तिथे कुणी बडे डॉक्टर म्हणाले होते, बाई आपोआपही बरी झाली असती. तुम्ही तिची एवढी बडदास्त ठेवलीत, त्याने झाली असेल. तुलनेला तुमच्याकडे काय आहे? मी भडकले. म्हटलं, "त्यांना आणून बसवा म्हणावं चार कावळ्यांसमोर!" तर डॉक्टर म्हणाले, "नाही बाई, बरोबर बोलले ते. मी मोजलं, पण एकाच बाजूने मोजलं."

आणि त्यातून निघाला तो प्रयोग. दीड महिना खरी पुडी, दीड महिना नुसती साखर, कडूपणाला चिमूटभर कोयनेल, हिवतापावरची कडू पूड. बरण्या दोन, 'क' आणि 'ख'. कुठल्या बरणीत काय, ते डॉक्टरांना ठाऊक नसायला हवं, नाहीतर त्यांची नजर लबाडी करेल. ठाऊक फक्त मला. डबे माझ्या कपाटात, चिठ्ठी माझ्या कुलपात. "तुम्ही गणिताच्या बाई," म्हणाले, "तुमच्या हातून गफलत होणार नाही." हा निबंध छापून आला तर देशभरातल्या आक्कांना एक वाट सापडेल, असं ते म्हणत नव्हते, पण त्यांच्या तोंडावर ते लिहिलेलं होतं.

गणपती झाल्यावर हौसाबाईला बोलावून त्यांनी तिला सगळं खरं खरं सांगितलं. त्या काळात रोग्याला असं सांगायची कुणाला सवय नव्हती. तिने ऐकून घेतलं.

"म्हंजी साखर दिली, तर म्या परत मरायचं?"

डॉक्टरांनी वही मिटली, पुन्हा उघडली. शेवटी म्हणाले, "तीन दिवस सलग पोटात अन्न गेलं नाही, की मी प्रयोग मोडीन. शब्द देतो."

"बरं तर," हौसाबाई म्हणाली. "तुमच्यापायी आठ दिस मरून बगते. त्यात काय एवडं."

'क'मध्ये मी खरं औषध भरलं होतं. तो दीड महिना मजेत गेला. हौसाबाईने घराचा ताबा घेतला. डॉक्टरांच्या छत्रीने ती माळ्यावरचे डबे खाली ओढायची आणि ते मुकाट बघायचे. दिवाळीच्या तोंडावर 'क' संपली. कोंडिबा भातकापणीला गावी होता. मी 'ख' उघडली आणि देवाशप्पथ सांगते, पहिली पुडी देताना मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही.

पाच-सहा दिवस काही नाही. आठव्या दिवशी तिने वेणी घातली नाही. नवव्या दिवशी ताटात भाकरी तशीच. मी पेज भरवायला गेले, तर तिने तोंड फिरवलं. दहाव्या दिवशी संध्याकाळी शाळेतून आले तर ती पडवीच्या कोपऱ्यात, अंधारात, गुडघे पोटाशी. समोर ताट, ताटाला मुंग्या. दाराच्या चौकटीला धरून डॉक्टर उभे होते, वही उघडी, पेन्सिल हातात. मला बघून ते बाजूला झाले.

"हौसाबाई," मी म्हटलं, "जेवली का नाहीस गं?"

"कोन?" ती म्हणाली. "हितं कुनी न्हाई, बाई."

तीन दिवस व्हायला अजून एक दिवस होता. शब्द त्यांचा होता, माझा नव्हता. मी खोलीत गेले, दार लावलं, 'ख'मधल्या सगळ्या पुड्या मोरीत ओतल्या, आणि खलबत्ता काढून खऱ्या गोळ्या कुटायला बसले. माझ्या डोळ्यांतलं पाणी खलबत्त्यात पडत होतं तेही त्या औषधात गेलं असेल. बरणीवरचं अक्षर 'ख'च ठेवलं. सांगितलं असतं तर प्रयोग त्याच क्षणी मोडला असता, निबंध गेला असता, आक्का पुन्हा मोजल्यावाचून राहिली असती. आणि न सांगता मी प्रयोगाचा आत्माच काढून घेत होते, हे न कळायला मी काही पहिलीतली मुलगी नव्हते. पण ती कोपऱ्यात 'हितं कुनी न्हाई' म्हणत असताना गणित कुणाला सुचतं?

दुसऱ्या दिवशी मी पेजेचे दोन घोट कसेबसे तिच्या पोटात घातले, म्हणून डॉक्टरांचे तीन दिवस भरले नाहीत. हौसाबाई पुन्हा चालती-बोलती व्हायला तीन आठवडे लागले. तिने पुन्हा एकदा डॉक्टरांच्या दुधाला शिव्या दिल्या आणि मी देवापुढे साखर ठेवली, खरी साखर. मुदत संपल्यावर डॉक्टरांनी चिठ्ठी मागितली. मी दिली. 'क, औषध. ख, साखर.' त्यांनी ती फार वेळ धरून ठेवली. "असं आहे तर," म्हणाले. घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली. "प्रयोग फसला, बाई. साखरेनेही बरी झाली म्हणायची. यातून काही सिद्ध होत नाही." आणि निबंधाचा गठ्ठा उचलून माळ्यावर टाकला. त्यांनी तो पुन्हा काढला नाही.

त्यानंतर मी त्या घरात पाच वर्षं राहिले आणि पाच वर्षं माझ्या घशात तो घास अडकून होता. किती वेळा सांगायला गेले. "डॉक्टर, मला तुमच्याशी जरा बोलायचं आहे," म्हटलं की ते लगबगीने उठायचे, माठावरचं फुलपात्र भरून माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "आधी पाणी प्या, बाई." मी पाणी प्यायची. तेवढ्यात ते छत्री घेऊन पसार. मला वाटायचं, काय हा विक्षिप्तपणा! पुढे मी वडगावच्या शाळेत गेले. निरोपाच्या दिवशीसुद्धा पाणीच दिलं.

हौसाबाईच्या पुड्या डॉक्टरांनी सावकाश कमी करत आणल्या आणि मग बंद केल्या. ती पुन्हा मेली नाही. दर भाऊबीजेला तांदळाचं बोचकं घेऊन त्यांना ओवाळायला यायची.

ते गेले तेव्हा मी वडगावहून आले. दहाव्याला इंद्रायणीच्या काठी पुण्याचा पुतण्या विधी करत होता. हौसाबाई माझ्या शेजारी उभी होती, केस पांढरे, हाडापेराने तशीच मोठी. निबंध छापून येण्याची डॉक्टरांची इच्छा राहिली होती आणि ती कुणामुळे राहिली होती ते एकट्या मलाच ठाऊक होतं. आज कावळा दुपारपर्यंत ताटकळवणार, अशी माझी खात्रीच. पुतण्याने पिंड ठेवला आणि हात मागे घेतो न घेतो तोच कावळा आला आणि घास उचलून गेला. मी मोठा सुस्कारा सोडला. म्हटलं, "हौसाबाई, लगेच शिवला गं! काही राहिलं नव्हतं त्यांचं."

हौसाबाईने नाकाला पदर लावला होता. तो काढून म्हणाली, "कावळ्याचं काय खरं हाय, बाई? माझ्या बी लगीच शिवला हुता."

आणि आम्ही दोघी त्या घाटावर, सगळ्या माणसांच्या देखत, हसत सुटलो. हसता हसता मग रडायला लागलो.

घरी आल्यावर पुतण्या म्हणाला, "बाई, वह्या रद्दीत जायच्या आहेत, हव्या त्या घ्या." मी पडवीत बसून ती दिवाळी शोधली. दाभणाने शिवलेली, माझ्याच शाळेतल्या पानांची वही. रोजची एकेक ओळ. झोप, घास, पाणी. 'क'च्या दिवसांत पाणी नऊ, दहा, अकरा फुलपात्री. 'ख' लागल्यावर सात, पाच, चार. दहाव्या दिवशी दोन. घशाला शोष पाडणारं औषधच पोटात नव्हतं, तर पाणी मागेल कशाला? अकराव्या दिवशी पाच. बाराव्या दिवसाच्या ओळीवर माझं बोट थांबलं.

'पाणी, अकरा फुलपात्री. बाईंनी पुडी बदलली. बरं केलं. एवढा धीर मला झाला नसता.'

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या चिठ्ठीवरचं माझं खोटं घडी घालून खिशात ठेवतानाही ठाऊक होतं. खरं लिहून निबंध पाठवायचा तर त्यात माझी लबाडी लिहावी लागली असती आणि खोटं लिहिणं त्यांना जमणारं नव्हतं. म्हणून वीस वर्षं उराशी धरलेली गोष्ट त्यांनी माळ्यावर टाकली आणि मला पाणी पाजत राहिले. गणिताची बाई मी, मला पाच वर्षांत एवढं पाणी मोजता आलं नाही.

"काय लिवलंय?" हौसाबाईने विचारलं. मी तिला वाचून दाखवलं. तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"म्हंजी तुमी दोगांनी बी मला मरू दिलं न्हाई," ती म्हणाली, "आनि येकमेकाला सांगितलं बी न्हाई. लय येडी मानसं."

मला हुंदका आवरेना. ती उठली, माठावरचं पितळेचं फुलपात्र भरून तिने माझ्या हातात दिलं. मी प्यायले. तिने पुन्हा भरून दिलं, तेही प्यायले. किती झाली ते सांगता येणार नाही. मोजणारा आता घरात नव्हता.